रिकाम्या सीटची थरथर

एलिहिओ भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा माणूस होता, हे आधीच सांगून ठेवतो. क्युबाच्या उत्तर किनाऱ्यावरचं आमचं सान फेलिक्स गाव. इथे घरोघरी कपाटावर मेलेल्यांसाठी पाण्याचा पेला भरून ठेवतात. एलिहिओच्या घरीही होता, पण तो त्याच्या बायकोनं, ओदालिसनं ठेवलेला. हा बाबा त्या पेल्यात दाढीचा ब्रश बुडवून मोकळा व्हायचा आणि वर तिच्या शिव्या खायचा. पासष्टीचा गडी, चाळीस वर्षं गाड्यांखाली उताणा पडून काढलेली. "माणसं खोटं बोलतात, लोखंड बोलत नाही," हे त्याचं पालुपद.

तर त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तो अंगणात कॉफी पीत बसला होता. रेशनची कॉफी, म्हणजे निम्मे भाजलेले वाटाणेच, पण साखर भरपूर. तेवढ्यात युनियेल फाटकाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

"काका, पालोमा थरथरते."

पालोमा म्हणजे त्याची गाडी. त्रेपन्न सालची अमेरिकन, कबुतराच्या रंगाची, म्हणून नावही कबुतराचंच. आता तिच्यात इंजिन कुठल्याशा रशियन ट्रकचं, ब्रेक तिसऱ्याच गाडीचे, आणि मागच्या दिव्यांच्या काचा म्हणजे लाल बाटल्यांचे तळ. युनियेलच्या बापानं, माक्सिमिनोनं, ती जन्मभर चालवली. एलिहिओला काम शिकवलं तेही त्यानंच, तिच्याच खाली झोपवून. एलिहिओ त्याला उस्ताद म्हणायचा. उस्तादाला जाऊन आठ महिने झाले होते.

"कधी थरथरते?" एलिहिओनं विचारलं.

"साठच्या पुढे गेली की. तळपायाला मुंग्या येतात. काल तर स्टिअरिंग हातातून निसटतंय की काय असं वाटलं."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील... तीन आठवडे."

"तीन आठवडे! आणि आज उगवतोयस?"

"अहो काका, मागे माणसं बसली की थांबते ना ती! रिकामी परत येतानाच काय ते नखरे. उद्या तर गाडी भरलेलीच जाणार. म्हटलं, मग कशाला..."

एलिहिओनं कॉफीचा कप इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटला. "गाढवा! रोग्याला कुणी बघायला आलं की तो खोकत नाही, म्हणून तो बरा झाला का?"

रागाला कारण होतं. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पहाटे पाचला पालोमा गावातल्या तिघांना शहरातल्या इस्पितळात न्यायची. तिघांचीही मूत्रपिंडं गेलेली, रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागायचं. सरकारी गाडी तेलावाचून कधीचीच बंद पडली होती. त्या तिघांत एक ओदालिस होती. मागच्या वर्षी एकदाच, एकाच खेपेला गाडी मिळाली नाही, तेव्हा तिचे पाय खांबासारखे सुजले, श्वास घशाशी आला, आणि एलिहिओ रात्रभर तिला टेकून बसवून पंख्यानं वारा घालत होता. ती रात्र तो विसरला नव्हता. उद्या सोमवार होता. पहाटे पाचला पालोमा निघालीच पाहिजे, आणि वाटेतल्या दरीवरचा तो लांबलचक पूल तिनं ओलांडलाच पाहिजे.

ओदालिस दारात आली. सुजरे डोळे, पण जीभ शाबूत. "म्हाताऱ्या, त्या पोरावर ओरडू नकोस. कपाचे पैसे कोण देणार?"

"तू आत जा, उन्हात येऊ नकोस."

"जाते. पण उस्तादाची गाडी आहे ती. नीट बोल तिच्याशी," असं म्हणून ती आत गेली.

थरथर शोधायची तर तिची पद्धत ठरलेली असते. आधी विचारायचं, ही थरथर इंजिनाची की चालीची? दोघं गाडी घेऊन मोठ्या रस्त्याला लागले. साखर कारखाना बंद पडल्यापासून तो रस्ता ओसाडच. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची काटेरी झुडपं, वर गिधाडं, मैलामैलात चिटपाखरू नाही. एलिहिओ स्टिअरिंगवर, युनियेल शेजारी. पन्नासला गाडी गुमान होती. साठला थरथर आली. आधी तळव्यात, मग सीटखालून मणक्यात, मग आरशाच्या दांडीत. आरसा मात्र वर, छताकडे वळवलेला होता. एलिहिओनं तो खाली करायला हात नेला, तर युनियेल पटकन म्हणाला, "राहू दे काका. तो तसाच बरा." एलिहिओनं हात मागे घेतला.

त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिन शांत झालं, गाडी आपल्याच वेगानं पळत राहिली, आणि थरथर तशीच.

"इंजिन सुटलं," एलिहिओ म्हणाला. "चाकं असती तर धडधड मंद आली असती. ही बारीक आहे, भराभर आहे. मधल्या दांड्याची आहे ही."

मधला दांडा म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्टचा लोखंडी नळा. पालोमाचा दांडा उस्तादानं स्वतः घडवलेला, पुढचा तुकडा ट्रकचा आणि मागचा तिचाच, दोन्ही मधोमध जोडून.

परत अंगणात आल्यावर त्यांनी मागची चाकं ठोकळ्यांवर उचलली. एलिहिओ खाली शिरला, युनियेल स्टिअरिंगशी बसला. गाडीच्या वरून खाली बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून उस्तादाच्या वेळेपासून ठोक्यांची खूण चालत आलेली. पान्यानं लोखंडावर एक ठोका, म्हणजे चालू कर. दोन, म्हणजे थांब, आणि जिथे आहेस तिथे बघ. उस्तादाचे दोन ठोके पडले की एलिहिओचा हात आपोआप जागीच थबकायचा. तरुणपणी त्या दोन ठोक्यांनी त्याची बोटं किती वेळा वाचवली होती, त्याची गणतीच नाही.

त्यानं दांड्याची दोन्ही टोकं हलवून पाहिली. सांध्यांतले क्रॉस घट्ट. ग्रीस ताजं. दांडा नेमका जुळावा म्हणून उस्तादानं पंचानं ठोकलेल्या खुणा समोरासमोर, दोन ठिपक्यांना दोन ठिपके. बाकी सगळ्या दांड्यावर, सगळ्या तळावर, डांबराचा जाड थर. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, म्हणून आमच्याकडे सगळेच जळकं तेल आणि डांबर कालवून गाडीचा तळ माखतात. युनियेलनं तीन महिन्यांपूर्वी दोन हात दिले होते.

"फार झकास माखलंस रे," एलिहिओ खालून म्हणाला. "केक केलाय नुसता."

"बाबा दरवर्षी करायचे. मी आपला..."

मग एलिहिओनं त्याला मागच्या सीटवर, उजव्या खिडकीशी बसायला सांगितलं. युनियेल क्षणभर घुटमळला, पण बसला. एलिहिओनं मागच्या उजव्या चाकावर, टायर आणि मडगार्डच्या मधे हात आडवा घालून पाहिला. रिकाम्या गाडीत तिथे चार बोटं मावत होती. माणूस बसल्यावर तीन. पुन्हा रस्त्यावर गेले. साठ. सत्तर. ऐंशी. थरथरीचा मागमूस नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"बघा! म्हटलं नव्हतं?"

"वजनानं मागचं अंग दबतं, दांड्याचा कोन बदलतो," एलिहिओ खूश होऊन म्हणाला. "म्हणजे कमानपाट्यांखाली पाचर घातली की काम झालं. आता वाळूची दोन पोती आण, माप घेतो."

पोती आणली. युनियेल बसला होता तिथेच, उजव्या खिडकीशी ठेवली. हात घातला. तीन बोटं, बरोबर तीन. रस्त्यावर गेले. साठला पालोमा थरथरली. सत्तरला इतकी, की पोत्यातली वाळू सीटवर सांडायला लागली.

एलिहिओनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केल्यावर झुडपांतले रातकिडे भर दुपारी किरकिरत असल्याचं कानावर आलं.

"काका," युनियेल हळूच म्हणाला, "वाळूला ती ओळखत नाही."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"बाबा तिथेच गेले."

एलिहिओला ते माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. उस्ताद आयुष्यात एकदाच मागच्या सीटवर बसला, तो इस्पितळात जाताना. पण युनियेल पुढे बोलला ते कुणालाच माहीत नव्हतं.

"त्यांचा हात माझ्या सीटच्या पाठीवर होता. थरथरत होता सारखा. मला पाठीला जाणवत होतं. मी बोलत होतो... झालं बाबा, आलंच, पूल आला... मग थरथर थांबली. मला बरं वाटलं हो. वाटलं, डोळा लागला. मी तसाच बोलत राहिलो. पुढचे वीस किलोमीटर, काका. आरशात बघितलं तेव्हा..." त्यानं छताकडे वळवलेल्या आरशाकडे बोट केलं आणि तोंड फिरवलं.

एलिहिओनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घरी आल्यावर त्यानं पोती काढली आणि युनियेलला जेवायला पाठवलं.

"आणि तुम्ही?"

"मी एकटा एक चक्कर मारून येतो. तू शेजारी असलास की मला लोखंड ऐकू येत नाही, तुझंच ऐकू येतं."

युनियेल "नको, काका" म्हणाला. दोनदा म्हणाला. एलिहिओनं ऐकलं नाही.

दुपारचे अडीच झाले असतील. आपण उगाच म्हणतो, भुतं रात्रीची. खरी भयाण वेळ दुपारची, सावली पायाखाली दडते आणि कुत्रंही भुंकत नाही, ती. रस्त्यावर डांबर वितळल्याचा वास होता. एलिहिओनं पन्नास गाठले, साठ गाठले. थरथर आली, तशी त्याला हायसंच वाटलं. ये बाई, म्हणाला, ये आणि सांग काय दुखतंय. त्यानं गिअर बदलून पाहिला, न्यूट्रल करून पाहिलं, ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. तळपायांनी तो ऐकत होता. थरथर पायांच्या थोडी मागे, मधोमध, सीटच्या खाली कुठेतरी उठत होती.

मग रस्ता उताराला लागला. खाली दोन वळणांवर दरीवरचा पूल दिसायला लागला. करड्या काँक्रीटची ती लांब पट्टी, आणि तिच्याखाली नुसती हवा. वेग सत्तर.

आणि थरथर थांबली.

हळूहळू कमी झाली नाही. थांबली. कुणी तिच्यावर हात ठेवावा तशी.

एलिहिओचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच राहिला. डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती त्याला यायला नको होती. सीट रिकामी असली की थरथरते. माणूस बसला की थांबते...

मागे सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. एकदाच. जड माणूस जरा सरकून बसला की करकरतात, तशा. आणि मग वास आला. निलगिरीच्या मलमाचा. शेवटच्या वर्षात उस्ताद छातीला चोळायचा, ते. वितळलेल्या डांबराच्या वासातून तो वास सरळ नाकात शिरला. आरसा समोरच होता, छताकडे वळलेला. नुसतं एक बोट लावायचं होतं. तेवढं बोट त्याच्यानं उचलवेना.

"उस्ताद..." तो पुटपुटला. आवाज स्वतःलाच ऐकू आला नाही.

पूल जवळ आला. एक वळण राहिलं.

टक्. टक्.

लोखंडावर लोखंड. गाडीच्या पोटातून, मधोमध.

एलिहिओनं विचार केला नाही. विचार करायला वेळच कुठे होता! चाळीस वर्षांची सवय पायात होती, पायानंच ब्रेक दाबला. पालोमा किंचाळत, मागचं अंग हलवत, पुलाच्या पहिल्या कठड्याच्या अलीकडे वीसेक पावलांवर उभी राहिली. इंजिन आचके देऊन बंद पडलं. मग शांतता. तापलेल्या लोखंडाची टिकटिक आणि खाली दरीतला वारा, बस्स.

तो किती वेळ तसा बसला होता, त्याला सांगता आलं नाही. शेवटी दार उघडून उतरला आणि मागच्या काचेतून आत बघितलं. सीटवर सांडलेली वाळू होती. बाकी कुणी नव्हतं.

आता दुसरा कुणी असता तर धूम ठोकली असती. पण दोन ठोक्यांचा अर्थ काय? थांब, आणि जिथे आहेस तिथे बघ. एलिहिओ तिथेच उताणा पडला आणि गाडीखाली सरकला. उस्तादाच्या खुणेला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. ते काय आता म्हणणार?

त्यानं दांड्यावरून हात फिरवला. गरम. मधोमध, जिथे उस्तादाचा जोड होता, तिथे डांबराच्या थराला केसाएवढी रेघ दिसली. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं डांबर खरवडलं. आणखी खरवडलं. दांड्याभोवती बोट फिरवत गेला, आणि रेघ बोटाबरोबर फिरत गेली. चीर. नळ्याच्या पाऊण भागाला वेढा घालून आलेली चीर. दांडा एवढ्याशा धातूवर टिकून होता, अंगठ्याएवढ्या.

एलिहिओ तसाच पडून राहिला. पुढे काय झालं असतं ते त्याला डोळ्यांपुढे दिसलं. अशी गाडी त्यानं तरुणपणी पाहिली होती. चालत्या गाडीत दांडा मधोमध तुटतो, पुढचा तुकडा खाली पडून रस्त्यात रुततो, आणि बांबू टेकून उंच उडी मारावी तशी गाडी त्याच्यावरून उलटते. पुलावर. चौघं आत. खिडकीशी ओदालिस, मांडीवर उशी घेऊन. आणि थरथर तर जाणवलीच नसती, कारण गाडी भरलेली. डांबराखाली ती चीर युनियेलनं पाहिली नसती, त्यानं स्वतःही पाहिली नसती. त्यानं तर पाचर घालून हात झटकले असते!

तो रडला. गाडीखाली, भर उन्हात, डांबरानं माखलेल्या हातांनी तोंड झाकून, लहान पोरासारखा रडला. आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्या चिरेवर त्यानं ओठ टेकले. ते त्यानं पुढे फक्त ओदालिसला सांगितलं. ती म्हणाली, "मला एवढ्या वर्षांत कधी असा मुका दिला नाहीस."

पालोमा परत आली ती एवेलिओच्या बैलांमागे. पुलापलीकडच्या शेतात तो नांगरत होता. दोर बांधताना दात काढून म्हणाला, "अमेरिकेची गाडी, रशियाचं इंजिन, आणि शेवटी ओढतायत माझे बैल. ह्यांना कुठल्या देशाचे म्हणायचं?"

"मुकाट्यानं ओढ," एलिहिओ म्हणाला, आणि हसू फुटलं त्याला. मग थांबेचना. एवेलिओला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

वीज त्या दिवसांत संध्याकाळी सहाला यायची आणि कधीही जायची. सहाच्या आत त्यांनी दांडा उतरवला, घासून लख्ख केला, चिरेवरून कापला. कारखान्याच्या भंगारातला एक जाड नळा युनियेलनं कधीतरी आणून ठेवला होता, त्याचा तुकडा बाहीसारखा दोन्ही टोकांवर चढवला. वीज आली. एलिहिओनं वेल्डिंग केलं, ठिपक्यांना ठिपके लावून दांडा परत चढवला, फिरत्या दांड्याला खडू टेकवून जड बाजू शोधली, समोर पट्टी आवळून तोल साधला. युनियेलनं एका शब्दानं विचारलं नाही की पुलाजवळ काय झालं. एलिहिओनंही सांगितलं नाही. पण डांबराचा डबा त्यानं उचलला आणि कुंपणापलीकडे भिरकावला. "या दांड्याला पुन्हा हात लावशील तर याद राख. गंजला तर गंजू दे, मला दिसू दे."

अंधार पडायच्या आत दोघं पुन्हा रस्त्यावर गेले. मागची सीट रिकामी. साठ. सत्तर. ऐंशी. नव्वद, आणि एवढ्या वयाच्या गाडीला नव्वद म्हणजे थट्टा नाही. तळपायाला काही नाही, मणक्याला काही नाही. युनियेलनं जोरात हाळी घातली आणि हात उंचावून आरसा खाली वळवला, सरळ केला, आत बघितलं. मागे रस्ता होता आणि समुद्राकडचं लाल आभाळ.

"काही नाही, काका," तो म्हणाला. डोळे भरलेले, पण हसत होता. "काहीच नाही."

घरी ओदालिस फाटकात उभी होती. "म्हाताऱ्या, उद्या जातोय ना आपण?"

"जातोय," एलिहिओ म्हणाला. त्या रात्री त्याला जन्मात लागली नव्हती अशी झोप लागली. झोपायच्या आधी तिनं पाहिलं, कपाटावरच्या पेल्यात ताजं पाणी होतं. तिनं ते भरलेलं नव्हतं.

सोमवारी सगळे सुखरूप गेले, सुखरूप आले. पुलावरून जाताना ओदालिसला झोप लागली होती म्हणे. दुपारी पालोमा अंगणात उभी राहिली, सगळे उतरून गेले, आणि एलिहिओनं सहज, सवयीनं, मागच्या चाकावर हात घातला. डावीकडे चार बोटं. उजवीकडे तीन.

त्यानं पुन्हा घातला. तीन. कमानपाटे उतरवून शेजारी शेजारी ठेवले, एकसारखे. टायर बदलून पाहिले. गाडी दुसऱ्या जागी उभी केली. डावीकडे चार, उजवीकडे तीन. गाडी रिकामी, आणि उजव्या खिडकीशी एका माणसाचं वजन.

ओदालिस त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला सांगावंच लागलं, पुलापासून सगळं. ती घाबरेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग मी डावीकडे बसत जाईन. त्याची जागा आहे ती."

तेव्हापासून सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी पहाटे, बॅटरीच्या उजेडात, माणसं बसायच्या आधी एलिहिओ उजव्या चाकावर हात घालतो. लोकांना वाटतं, म्हातारा हवा बघतो. तीन बोटं आली की तो श्वास सोडतो, म्हणतो, "बसा." ज्या दिवशी चार येतील, त्या दिवशी ओदालिसला तो गाडीत पाऊल टाकू देणार नाही. भुतावर विश्वास आहे का असं विचारलंत तर आजही हसेल. लोखंड खोटं बोलत नाही, एवढंच म्हणेल.

पावणेदोन वर्षं झाली. दर खेपेला तीनच.

गेल्या शुक्रवारी त्यानं हात घातला, तर तीन बोटं गेली आणि चौथ्याचं टोकही आत गेलं. त्यानं बोट बाहेर ओढून घेतलं, बॅटरी तोंडात धरली आणि उताणा होऊन गाडीखाली सरकला. ओदालिसनं दाराच्या मुठीवरचा हात काढला, बाकीच्यांनाही मागे घेतलं, आणि पायरीवर बसून राहिली.